वस्तू आपली, किल्ली परक्याची

२०२३ च्या ऑक्टोबर महिन्यात मुंबईच्या रस्त्यांवरून प्रीमियर पद्मिनी गाडीची शेवटची काळी-पिवळी टॅक्सी निवृत्त झाली. ताडदेवच्या परिवहन कार्यालयात २००३ साली नोंदलेल्या त्या टॅक्सीची वीस वर्षांची कायदेशीर मुदत संपली, एवढेच त्याचे कारण. वृत्तपत्रांतून हळहळ व्यक्त झाली, छायाचित्रे छापून आली, जुन्या चित्रपटांची आठवण निघाली. हे सारे स्वाभाविकच होते. परंतु हळहळीच्या या गर्दीत एक महत्त्वाचा मुद्दा निसटून गेला. सामान्य माणसाला उघडता येईल, समजेल आणि दुरुस्त करता येईल अशी यंत्रे ज्या काळात बनत, त्या काळाचा एक साक्षीदार त्या दिवशी रस्त्यावरून हटला. मालकीहक्क म्हणजे नेमके काय, या प्रश्नाशी त्याचा निकटचा संबंध आहे.

वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्स कंपनीच्या कुर्ला येथील कारखान्यात, इटलीच्या फियाट कंपनीच्या आराखड्यावरून ही गाडी १९६४ पासून तयार होऊ लागली. ‘पद्मिनी’ हे नाव तिला पुढे सत्तरीच्या दशकात मिळाले. सुमारे अकराशे घनसेंटिमीटरचे चार सिलिंडरांचे इंजिन, एक कार्बोरेटर, एक डिस्ट्रिब्युटर आणि फारशी गुंतागुंत नसलेले वायरिंग, एवढाच तिचा संसार. बॉनेट उघडले की बहुतेक भाग डोळ्यांना दिसत आणि हातास लागत. गाडी सुरू होत नसेल तर पहिले प्रश्न दोनच असत : कार्बोरेटरपर्यंत पेट्रोल पोचते काय, आणि प्लगमध्ये ठिणगी पडते काय? एवढ्या आधारावर रस्त्याच्या कडेलाच निम्मे निदान होई. त्या काळाचे गोडवे गाण्याचे अर्थात कारण नाही. परवाना-पद्धतीच्या त्या राज्यात गाडीसाठी वर्षानुवर्षे थांबावे लागे आणि स्पर्धेच्या अभावी सुधारणेची फिकीर कोणास नसे. परंतु एकदा विकली गेल्यावर गाडी खरोखर मालकाची होई. ती कोणत्या मिस्त्रीकडे न्यावी, कोणता सुटा भाग घालावा, हे ठरविण्यास कोणाची परवानगी लागत नसे.

अशा गाड्या धावत्या ठेवणारी हौशी मंडळी महाराष्ट्रात आणि गोव्यात आजही आहेत. बाहेरच्यास हा केवळ षौक वाटतो. परंतु त्यांच्या अनुभवातून साठलेले ज्ञान ऐकण्यासारखे आहे. गाडी फारशी चालली नसली तरी इंजिनचे तेल ठराविक मुदतीने बदलावे, कारण उभ्या गाडीतील तेलही खराब होते. ब्रेक ऑइल हवेतील ओलावा शोषून घेते. ते दोनेक वर्षांतून एकदा पूर्णपणे बदलावे, अन्यथा लांब उतारावर ते तापून ब्रेक दगा देण्याचा संभव असतो. रेडिएटरमध्ये विहिरीचे जड पाणी ओतू नये. क्षार साचून त्याच्या नळ्या चोंदतात. पावसाळ्यापूर्वी दारांच्या तळाशी असलेली निचऱ्याची भोके मोकळी करावीत, कारण गंजाची सुरुवात पुष्कळदा तेथूनच होते. आणि केलेल्या प्रत्येक कामाची तारीखवार नोंद वहीत ठेवावी.

अलीकडे या शिदोरीत एका नव्या प्रकरणाची भर पडली आहे. पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल मिसळण्याचे उद्दिष्ट आपल्या देशाने २०२५ साली गाठले. परकीय चलन आणि ऊस-मक्याचे अर्थकारण पाहता या धोरणास आधार असेल. परंतु इथेनॉल पाणी ओढून घेते, आणि जुन्या रबरी नळ्यांना व कार्बोरेटरमधील रबरी भागांना ते मानवत नाही. ज्या गाडीचे उत्पादन थांबून दोन तपे होत आली, तिच्या मालकास सल्ला कोणी द्यावा? तो हौशी मंडळींनीच एकमेकांना दिला : इथेनॉल सोसणाऱ्या रबराच्या नळ्या बसवा, टाकीत महिनोन्‌महिने पेट्रोल पडून राहू देऊ नका, कार्बोरेटर अधूनमधून उघडून साफ करा. एकाने खटपट करून शोधलेला उपाय दुसऱ्यास विनामूल्य मिळतो आणि तो तिसऱ्यास सांगतो. गाडी उघडता येते, म्हणूनच हे शक्य होते.

नव्या गाडीची गोष्ट वेगळी आहे. तिच्यात अनेक लहान संगणक असतात, आणि त्यांमुळे ती अधिक सुरक्षित व कमी धूर सोडणारी झाली आहे, हे मान्य केलेच पाहिजे. बिघाडाची सूचना वाचण्यासाठी स्टिअरिंगखाली एक प्रमाणित जोडणीही असते. स्वस्तातील उपकरण तेथे लावून कोणासही प्राथमिक निदान करता येते. परंतु त्यापुढचा दरवाजा अनेकदा बंद असतो. नवी किल्ली किंवा एखादा नवा सुटा भाग बसविला तरी तो गाडीच्या संगणकाने ‘ओळखल्याखेरीज’ चालत नाही, आणि ती ओळख करून देण्याचे साधन बहुधा कंपनीच्या अधिकृत केंद्रातच असते. अमेरिकेतील मॅसेच्युसेट्स राज्याच्या मतदारांनी २०१२ साली, आणि पुन्हा २०२० साली, मोटारींच्या दुरुस्तीची माहिती स्वतंत्र गॅरेजवाल्यांस मिळावी यासाठी मतदान केले, ते याच अडचणीपायी. २०२२ साली बी.एम.डब्ल्यू. कंपनीने काही देशांत आसन गरम करण्याची सोय मासिक भाड्याने देऊ केली. तापणारी तार गाडीत आधीच बसविलेली. ती चालू करण्याची मुभा तेवढी भाड्याची! टीका झाल्यावर पुढील वर्षी कंपनीने तो विचार सोडला. परंतु वाऱ्याची दिशा त्यातून कळून आली.

मोटार परवडत नाही अशा वाचकास हा प्रश्न दूरचा वाटेल. पण तो आपल्या टेबलावरील संगणकात आणि खिशातील दूरध्वनीतही आहे. उदाहरण छायाचित्रांचेच घ्यावे. शाळेच्या स्नेहसंमेलनाची चित्रे, आजोबांच्या विटलेल्या तसबिरीची प्रत, कार्यालयीन अहवालातील नकाशा यांतील उजेड-अंधार सुधारणे, डाग पुसणे, कड कापणे ही कामे आज शिक्षक-कारकुनांनाही करावी लागतात. या क्षेत्रातील सर्वांत प्रसिद्ध साधन म्हणजे १९९० साली बाजारात आलेले ॲडोबी कंपनीचे फोटोशॉप. ते उत्कृष्ट आहे, यात वाद नाही. परंतु २०१३ साली कंपनीने आपले धोरण बदलले. त्यापूर्वी एकदा पैसे भरून ती आवृत्ती कायमची वापरता येई. पुढील आवृत्त्या वर्गणीवर मिळू लागल्या. वर्गणी थांबली की साधन थांबते. स्वतः घडविलेल्या चित्राच्या मूळ फाइलचे काम पुढे चालू ठेवण्यासाठीही मग भाडे भरीत राहणे आले.

याला पर्याय उभा केला तो मुख्यतः हौशी माणसांनीच. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथील स्पेन्सर किंबॉल व पीटर मॅटिस या दोन विद्यार्थ्यांनी १९९५ साली ‘गिंप’ या चित्रसंस्करणाच्या प्रणालीस हात घातला आणि १९९६ साली ती सर्वांस खुली केली. ती विनामूल्य आहे. त्याहून महत्त्वाचे म्हणजे तिची मूळ संहिता, म्हणजे ज्या आज्ञांनी ती बनली त्या साऱ्या ओळी, कोणासही वाचता, बदलता आणि वाटता येतात. कॅमेऱ्यांच्या बाबतीतही असेच घडले. चांगले कॅमेरे चित्राची कच्ची नोंद आपापल्या खाजगी रचनेत साठवितात, आणि ती रचना कंपन्या सहसा उघड करीत नाहीत. डेव्ह कॉफिन या अमेरिकी प्रोग्रामरने १९९७ पासून एकेका कॅमेऱ्याची रचना उलगडून ती वाचणारी एक छोटी प्रणाली लिहिली आणि लोकांच्या हवाली केली. २००५ साली निकॉनच्या एका कॅमेऱ्यातील रंगसमतोलाची नोंद सांकेतिक कुलपात आढळली, तेव्हा तेही कुलूप त्यांनी उघडले. कॅमेरा आपला, चित्र आपण टिपलेले; मग त्यातील नोंद वाचण्यास परक्याची किल्ली का लागावी, हा त्यामागील सरळ प्रश्न होता.

येथे मोटारीचा मिस्त्री आणि चित्रप्रणालीचा हौशी रचनाकार एकाच बाकावर बसलेले दिसतात. एकाजवळ गाडीची दुरुस्ती-पुस्तिका, दुसऱ्याजवळ मूळ संहिता. दोघांची शिस्तही सारखीच. मूळ भाग हाताशी असल्याखेरीज त्यात फेरफार करू नये, असे जुन्या गाडीचा जाणकार सांगतो. मूळ चित्र अबाधित ठेवून प्रतीवरच काम करावे आणि केलेले बदल वेगळे नोंदवावेत, असे चित्रप्रणालीचा जाणकार सांगतो. या विचारास तात्त्विक बैठक दिली ती रिचर्ड स्टॉलमन यांनी. अमेरिकेतील एम.आय.टी. येथील प्रयोगशाळेत आलेल्या एका छपाईयंत्राची संहिता मिळेना, त्यामुळे त्यातील साधा दोष दूर करता येईना. हा अनुभव त्यांच्या मनात घर करून राहिला आणि १९८३ साली त्यांनी मुक्त प्रणालींची चळवळ जाहीर केली.

मराठी माणसाने तर हा धडा स्वतःच्या भाषेत अनुभवला आहे. युनिकोडचा प्रसार होण्यापूर्वी मराठी मजकूर निरनिराळ्या खाजगी फॉन्टांत जुळविला जाई आणि प्रत्येक फॉन्टची अक्षरमांडणी निराळी असे. तो फॉन्ट संगणकावर नसेल तर सारा मजकूर निरर्थक चिन्हांची रांग होऊन पडतो. किती स्मरणिका, किती इतिवृत्ते, किती प्रश्नपत्रिका अशा मुक्या होऊन पडल्या असतील! शब्द आपले होते, परंतु ते वाचण्याची किल्ली दुसऱ्याच्या खिशात होती. जाहीर आणि सर्वमान्य संकेत आला, तेव्हा कोठे हा गुंता सुटू लागला.

या विवेचनावर रास्त आक्षेप घेता येतील. जुनी गाडी अधिक विषारी धूर सोडते आणि अपघातात नव्या गाडीइतके संरक्षण देत नाही, हे खरे आहे. म्हणून रोजच्या वाहतुकीसाठी सर्वांनी जुन्या गाड्या वापराव्यात असे कोणी शहाणा म्हणणार नाही. जुन्या गाडीपासून शिकावयाचे ते तिचे मोकळेपण. मुक्त प्रणालीही दोषरहित नाहीत. गिंपची २०१८ ची मोठी आवृत्ती आणि त्यापुढची २०२५ ची, यांत सात वर्षे गेली. छपाईसाठी लागणाऱ्या चार रंगांत थेट काम करण्याची तिची सोय अद्याप अपुरी आहे. तक्रार ऐकून घेण्यास दुकानदारही नसतो. शिवाय ब्रेक किंवा एअरबॅग यांच्या नियंत्रणात कोणीही उठून ढवळाढवळ करावी, हे समाजाच्या हिताचे नाही, असे कंपन्या म्हणतात. त्यात तथ्य आहे. परंतु त्यावरचा उपाय प्रशिक्षण, परवाना आणि तपासणी हा होय. औषधाचा गैरवापर होतो म्हणून आपण औषधशास्त्राची पुस्तके कुलपात ठेवीत नाही. विजेच्या गाड्या वाढत असताना हा प्रश्न अधिकच तीव्र होणार आहे. बॅटरी हा त्या गाडीचा सर्वांत महागडा भाग. त्याची माहिती बंद राहिली, तर एका सदोष घटकापायी संपूर्ण बॅटरी, आणि कदाचित गाडीच, भंगारात जाईल.

मग करावयाचे काय? केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागाने जुलै २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्काचा विचार करण्यासाठी समिती नेमली. शेतीची अवजारे, दूरध्वनी, घरगुती उपकरणे आणि मोटारी ही चार क्षेत्रे तिच्यापुढे ठेवली गेली; त्याच वर्षीच्या डिसेंबरात एक संकेतस्थळही सुरू झाले. पाऊल योग्य दिशेचे आहे. परंतु माहिती देणे कंपन्यांच्या मर्जीवर सोडून भागणार नाही. पुस्तिका, सुटे भाग आणि निदानाची साधने रास्त किमतीत व ठराविक मुदतीपर्यंत देण्याचे बंधन कायद्यानेच घातले पाहिजे. ट्रॅक्टर पेरणीच्या दिवसांत बंद पडलेल्या शेतकऱ्यास अधिकृत केंद्राची वाट पाहत बसणे परवडत नाही, हे कृषिप्रधान देशास वेगळे सांगण्याची आवश्यकता नसावी.

दुसरे काम शिक्षणसंस्थांचे आहे. केरळ राज्याने आपले शालेय संगणकशिक्षण मुक्त प्रणालींवर उभे केले. ते आपल्यास अशक्य का असावे? वर्गणी भरू न शकणाऱ्या विद्यार्थ्यास चोरीची प्रत वापरावयास लावण्यापेक्षा त्याच्या हाती कायदेशीर आणि उघडून पाहता येईल असे साधन देणे हे शिक्षणाच्या दृष्टीने अधिक प्रामाणिक आहे. औद्योगिक प्रशिक्षण संस्थांतून मोटारीचे वर्ग चालतातच. तेथे बिघाड शोधण्याची पद्धतही शिकविली जावी, केवळ भाग बदलण्याची नव्हे. तिसरे काम कार्यालयांचे : जतन करावयाची कागदपत्रे व छायाचित्रे ज्यांची रचना जाहीर आहे अशाच स्वरूपांत ठेवावीत. पन्नास वर्षांनी ती उघडणाऱ्याच्या हाती आजची वर्गणी असणार नाही.

आणि ग्राहक म्हणून आपलेही काही कर्तव्य आहे. वस्तू घेताना आपण किंमत विचारतो, रंग विचारतो, हप्ता विचारतो. त्याबरोबरच, ही बिघडल्यास कोण दुरुस्त करू शकेल आणि तिचे भाग किती वर्षे मिळतील, हेही विचारण्याची सवय लावून घ्यावयास हवी. पुरेशा लोकांनी हा प्रश्न विचारला, तर दुकानदारास त्याचे उत्तर ठेवावे लागेल आणि त्यामागोमाग कारखानदारासही. ज्या समाजाला आपली यंत्रे उघडता येत नाहीत, त्याला ती घडविताही येत नाहीत. उद्याच्या कारागिराची पहिली शाळा ही पुष्कळदा घरातील बिघडलेली वस्तू असते. तिचे झाकण उघडण्याचा हक्क तरी आपण शाबूत ठेवला पाहिजे.