आकडा नव्हे, रेषा पाहा

रक्ततपासणीच्या रिपोर्टवर एकच ओळ असते: ‘सीए-१२५’, शेजारी आकडा आणि ‘३५ पर्यंत सामान्य’. आकडा मोठा निघाला की घरात घास उतरत नाही. लहान निघाला की सगळे निर्धास्त. दोन्ही घाई चुकीची.

१९८१ साली संशोधक रॉबर्ट बास्ट आणि सहकाऱ्यांनी सीए-१२५ हे प्रथिन ओळखणारं प्रतिपिंड तयार केलं. तेव्हापासून अंडाशयाच्या कर्करोगात या प्रथिनाचा आधार घेतला जातो. पण पोटाच्या क्षयरोगात, एंडोमेट्रिऑसिसमध्ये, अगदी पाळीच्या दिवसांतही ते वाढतं. आणि पहिल्या टप्प्यातल्या जवळपास निम्म्या रुग्णांत वाढतच नाही. ब्रिटनमध्ये दोन लाखांहून अधिक स्त्रियांच्या अभ्यासाने २०२१ मध्ये दाखवून दिलं, की सरसकट तपासणीने मृत्यू घटले नाहीत.

सीए-१२५चं खरं मोल उपचारांच्या काळात. केमोथेरपी सुरू झाल्यावर आकडा किती झपाट्याने उतरतो, यावरून पुढच्या वाटचालीचा अंदाज येतो.

आणि पोट सतत फुगतंय, दोन घासांतच भरतंय, असं आई किंवा मावशी सांगते तेव्हा ‘गॅस असेल’ म्हणून सोडून देऊ नका; अंडाशयाच्या कर्करोगाची चाहूल अशीही लागू शकते. तिला स्त्रीरोगतज्ज्ञांकडे न्या. हा लेख त्या एका भेटीसाठी आहे.