अर्जुनाची साल अधिक बी-१२ = ?

आमच्या संभाजीनगरात मेडिकलच्या काउंटरवर 'हृदयासाठी' म्हणून अर्जुन अर्क अधिक व्हिटॅमिनची डबी पुढे सरकवली जाते. "नॅचरल आहे हो, नुकसान काय?"

आहे ना राव! होप-२ चाचणीत (२००६) ५,५२२ जणांना ५ वर्षं फॉलिक अ‍ॅसिड, बी-६, बी-१२ किंवा नुसती प्लासिबो गोळी दिली. व्हिटॅमिनवाल्यांचं होमोसिस्टीन उतरलं, हृदयविकाराचे मृत्यू नाही. रिपोर्ट सुधारला, पेशंट तिथंच! त्यात अर्जुन मिसळला की गोळी आपोआप सिद्ध झाली? दोन मॉड्यूल जोडली की टेस्टिंग नव्यानं करावं लागतं, मंडळी. वॉरफरिन घेणाऱ्याला तर व्हिटॅमिन के सुद्धा नडतं.

फूड सप्लिमेंटच्या डबीवर 'औषधी वापरासाठी नाही' छापणं बंधनकारक आहे. मग विकताना हृदयाचं नाव कशाला? आणि बीपीची गोळी सोडून हिच्यावर विसंबलात, तर बिल कोण भरणार?