कुलूप कोणाचे, किल्ली कोणाची?

संगणकाची ऑपरेटिंग सिस्टीम बदलली जाते. जुन्या फाइली दुसऱ्या डिस्कवर जपून ठेवलेल्या असतात. त्यांची नावे दिसतात, पण एकही उघडत नाही. ‘प्रवेश नाकारला’ एवढेच उत्तर मिळते. सांकेतिक कुलूप लावलेल्या फाइलींच्या बाबतीत विंडोज वापरणाऱ्या अनेकांनी हा अनुभव घेतला आहे. वापरणाऱ्याचा हलगर्जीपणा म्हणून तो बाजूला सारणे सोयीचे आहे. न्यायाचे मात्र नाही.

फेब्रुवारी २००० मध्ये आलेल्या विंडोज २००० मध्ये मायक्रोसॉफ्टने ही सोय प्रथम दिली. फाइलीच्या गुणधर्मांत एक खूण केली, की ती कुलूपबंद होते. वेगळा परवलीचा शब्द विचारला जात नाही; त्यामुळे किल्ली नावाची काही वस्तू आहे, हे वापरणाऱ्याच्या ध्यानातच येत नाही. ती असते त्याच्या खात्यात, बहुधा प्रणाली असलेल्या डिस्कवरच. जुन्या प्रणालीवर नवी चढवली तर ती सहसा टिकते. डिस्क पुसून नवी बसवली, तर खात्याबरोबर तीही नष्ट होते. मग त्याच नावाचे खाते काढून तोच परवलीचा शब्द दिला, तरी यंत्राच्या लेखी तो माणूस दुसराच असतो. प्रशासकाला फाइलीची मालकी आपल्या नावावर करून घेता येते. मजकूर वाचता येत नाही.

यावर उपाय म्हणून कंपनीने चोरवाट ठेवावी, अशी मागणी कोणी करू नये. जी वाट विसराळू मालकाला उघडी, ती चोरालाही उघडी आणि सत्तेलाही. कुलूप पक्के असावे, याबद्दल वाद नाही. वाद आहे तो जबाबदारीच्या वाटपाचा. पुढील आवृत्त्यांत किल्लीची प्रत काढून ठेवण्याची सूचना पडद्याच्या कोपऱ्यात येऊ लागली; ती न वाचता बंदही करता येते. कुलूप एका खुणेने लागते, तर त्याच क्षणी किल्ली हाती का दिली जात नाही? सोय दाखवायची ठळक आणि धोका सांगायचा दबक्या आवाजात, ही बाजाराची जुनी रीत आहे.

प्रणाली बदलणे हाही पुष्कळदा स्वेच्छेचा निर्णय नसतो. विंडोज १० चे सर्वसाधारण पाठबळ १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपले आणि चालते संगणक बदलण्याची पाळी अनेकांवर आली. विंडोज ११ च्या २०२४ च्या आवृत्तीपासून, प्रणाली नव्याने बसवून कंपनीच्या खात्याने प्रवेश केला, तर बहुतेक यंत्रांवर संपूर्ण डिस्कच आपोआप कुलूपबंद होते. तिची ४८ अंकी किल्ली कंपनीकडील खात्यात जमा होते. पूर्वी किल्ली कोठे आहे हे मालकाला ठाऊक नसे. आता ती दुसऱ्याच्या कोठारात असते. खाते हातचे गेले तर मालक बाहेर राहतो, आणि कायदेशीर आदेश आला तर कंपनी ती तिसऱ्याच्या हाती देऊ शकते.

हा प्रश्न केवळ तंत्रज्ञांचा नव्हे. संघटनांच्या सभासद-याद्या, पतसंस्थांचे हिशेब, कामगारांच्या दाव्यांची कागदपत्रे आज संगणकात आहेत. म्हणून प्रणाली बदलण्यापूर्वी प्रत्येक कार्यालयाने प्रमाणपत्र खासगी किल्लीसह बाहेर काढून दोन निरनिराळ्या ठिकाणी ठेवावे. डिस्कची किल्ली कागदावर उतरवून तिजोरीत ठेवावी. आणि दुसऱ्या यंत्रावर एक फाइल उघडून पाहिल्याखेरीज जुनी डिस्क पुसू नये. किल्ली एकाच कार्यकर्त्याच्या ताब्यात असू नये, हेही तितकेच महत्त्वाचे.

परंतु सावधगिरीचा सारा भार वापरणाऱ्यावर टाकून भागणार नाही. संमतीवाचून कुलूप लावू नये, आणि किल्ली हाती दिल्यावाचून ते लागू नये, एवढे बंधन कायद्याने घालता येण्याजोगे आहे. दस्तऐवज ज्याचा, किल्लीही त्याचीच असली पाहिजे. एरवी मालकी केवळ नावापुरती उरते.