ड्रॉप घेतला की ड्रॉप लागला?

माझ्या आयुष्यातल्या एका वर्षाचं अधिकृत नाव मला 2022 साली एका नोटरीच्या टेबलासमोर कळलं. कॉलेजच्या अ‍ॅडमिशनसाठी अ‍ॅफिडेव्हिट हवं होतं. 'गॅपचं ना? किती वर्षांची गॅप?' त्यांनी मान वर न करता विचारलं. म्हटलं, एक. शंभराच्या स्टॅम्प पेपरवर मजकूर आधीच ठरलेला होता, फक्त नाव आणि साल भरायचं. मधल्या काळात मी दुसऱ्या कुठल्याही कॉलेजात प्रवेश घेतला नव्हता आणि कुठल्याही गैरकृत्यात सहभागी नव्हते, असं त्यात लिहिलेलं. सही करताना हसू आलं. ते अख्खं वर्ष मी लातूरला एका खोलीत तीन मुलींसोबत बायोलॉजीची एनसीईआरटी पाठ करत होते. गैरकृत्य करायला वेळ कुठून काढणार?

गंमत म्हणजे तोपर्यंत या एका वर्षाला मी 'गॅप' म्हणताना कुणालाच ऐकलं नव्हतं. लातूरच्या क्लासमध्ये आम्ही 'रिपीटर' होतो. माझी एक मैत्रीण कोट्याला गेली, ती तिथे 'ड्रॉपर'. (इंग्रजी डिक्शनरीत ड्रॉपर म्हणजे डोळ्यांत औषध घालायची नळी.) आई शेजाऱ्यांना सांगायची, 'लातूरला कोर्स करतेय.' आणि आत्या प्रत्येक फोनवर एकच वाक्य बोलायची, 'पोरीचं एक वर्ष वाया गेलं गं.'

वर्ष तेच, मुलगीही तीच. कोण बोलतंय आणि कुणासमोर बोलतंय, यावर शब्द बदलत होता.

तेव्हापासून मला हे शब्द ऐकायची सवयच लागली. कॉलेजात आपण वर्षांबद्दल बोलतो ते जवळपास सगळं इंग्रजीत. एफवाय, एसवाय, टीवाय. डिप्लोमावाले 'डायरेक्ट सेकंड इयर'. पुण्यातल्या इंजिनीअरिंगवाल्यांचा 'वायडी', म्हणजे इयर डाऊन. 'एटीकेटी'चा फुल फॉर्म 'अलाउड टू कीप टर्म्स' आहे, हे निम्म्या लोकांना केटी लागल्यावरही माहीत नसतं. यातले बरेचसे शब्द लंडनच्या किंवा न्यूयॉर्कच्या पोराला सांगितले तर त्याला ओ की ठो कळणार नाही. 'आय टुक अ ड्रॉप' म्हटलं तर तो विचारेल, कशाचा थेंब? म्हणजे हे इंग्रजी आपलंच आहे, इथल्या कॅन्टीनमध्ये घडलेलं.

पण खरी मजा या इंग्रजी शब्दांमागे आपण जे मराठी क्रियापद लावतो त्यात आहे. 'ड्रॉप'चंच घ्या. नीट किंवा जेईईवाला म्हणतो, 'मी ड्रॉप घेतला.' मुंबईतला इंजिनीअरिंगवाला म्हणतो, 'मला ड्रॉप लागला.' शब्द तोच, पण पहिल्याने ठरवून वर्ष बाजूला काढलंय आणि दुसरा नापास झालाय. वायडी तर कुणी घेतच नाही. तो बसतो, लागतो. केटी लागते, एम-थ्री राहतो, वर्ष जातं.

मराठीत 'लागणं' हे स्वतःहून येऊन आदळणाऱ्या गोष्टींचं क्रियापद आहे. ठेच लागते, नजर लागते, वाट लागते. (लॉटरी आणि नोकरीही लागते, हे मान्य.) 'घेणं' मात्र आपल्या हातातलं. निर्णय घेतो, सुट्टी घेतो. त्यामुळे कुणी नुसतं 'ड्रॉप' म्हटलं की समोरचा नकळत पुढच्या क्रियापदाची वाट बघतो. 'घेतला' म्हटलं तर पोरगं महत्त्वाकांक्षी, 'लागला' म्हटलं तर गेलेली केस. आणि आपणही हे ओळखून असतो. वायडी बसलेला माझा एक मित्र नातेवाइकांना दोन वर्षं 'मी गॅप घेतलाय' असंच सांगत होता.

मुलींच्या बाबतीत आणखी एक क्रियापद येतं, ते म्हणजे 'देणं'. माझ्यासोबत बारावी झालेल्या एका मैत्रिणीचे नीटचे मार्क माझ्यापेक्षा बरेच जास्त होते. तिला अजून एक प्रयत्न करायचा होता. घरच्यांनी सरळ सांगितलं, 'तुला ड्रॉप देणार नाही.' पाठीवर भाऊ होता, त्याच्या क्लासची फी यायची होती आणि एक वर्ष वाढलं की लग्नाचं वयही एक वर्षाने पुढे जाणार, असा हिशोब. दोन वर्षांनी भावाने मात्र ड्रॉप 'घेतला'. त्या घरात कुणालाच यात काही वावगं वाटलं नाही, ते सगळे चांगले लोक आहेत. पण तिच्या वाट्याला घेण्याचं क्रियापद आलंच नाही, हे माझ्या डोक्यातून जात नाही.

आता हेच वर्ष समुद्रापलीकडे बघा. ब्रिटनमध्ये शाळा आणि युनिव्हर्सिटीच्या मध्ये 'गॅप इयर' घेणं ही प्रतिष्ठेची गोष्ट आहे. प्रिन्स विल्यमने सेंट अँड्र्यूजला जाण्याआधी एक वर्ष काढलं, त्यात तो चिलीलाही जाऊन आला. ओबामांच्या मोठ्या मुलीने, मलियाने, हार्वर्डला जाण्याआधी वर्षभर थांबायचं ठरवलं तेव्हा त्याची जगभर बातमी झाली. हार्वर्ड तर प्रवेश मिळालेल्यांना स्वतःच सुचवतं की हवं असल्यास एक वर्ष उशिरा या. फरक उघड आहे. त्यांची सीट आधी पक्की असते, मग ते थांबतात. आपण थांबतो ते सीटसाठीच. त्यांच्या वर्षाचा खर्च झेपणारा असतो, आपल्याकडे त्यासाठी कधी सोनं मोडतं, कधी सोयाबीनच्या पट्टीवर सगळं ठरतं. त्यामुळे 'तिकडे बघा किती मोकळेपणाने गॅप घेतात' हे भाषण मला पटत नाही.

तरी परदेशी अ‍ॅडमिशनसाठी एसओपी लिहायला बसलेल्या माझ्या सीनिअर्सनी काय केलं माहितेय? 'ड्रॉप' खोडलं आणि 'गॅप इयर' लिहिलं. लातूरच्या खोलीतलं वर्ष कागदावर एकदम चिलीला जाऊन आलं. मी त्यांना नावं ठेवत नाही. नावावरून किंमत ठरत असेल तर माणूस चांगलंच नाव निवडणार.

नाव बदलायची सोय सगळीकडे नसते, अडचण तिथे आहे. कॅम्पस प्लेसमेंटच्या पात्रतेत साठ टक्क्यांच्या अटीशेजारी बऱ्याचदा एक ओळ असते, शिक्षणात अमुक वर्षांपेक्षा जास्त गॅप नको. ऑनलाइन फॉर्ममध्ये तर 'यस' आणि 'नो' एवढंच. आजारपण, वडिलांचं जाणं, फी न भरता येणं, वायडी, नीट, सगळं त्या एकाच 'यस'मध्ये. मराठीत आपण निदान क्रियापदाने वेगळं सांगतो. फॉर्मला क्रियापदच नाही.

आणि आमच्या बॅचने काय करायचं होतं? 2021 साली बारावी बोर्डाची परीक्षाच रद्द झाली. दहावीचे 30 टक्के, अकरावीचे 30 आणि बारावीचे 40 असं गणित करून निकाल लावला. नीट झाली 12 सप्टेंबरला. दीड वर्ष मोबाइलवर, तेही रेंज असेल तेव्हा शिकलेल्या पोरांनी अजून एक वर्ष मागितलं तर त्याला 'वाया' म्हणणाऱ्यांची मला अजूनही कमाल वाटते.

नवं शैक्षणिक धोरण, 2020 चं, कागदावर तरी वेगळं बोलतं. एक वर्ष करून बाहेर पडलात तर सर्टिफिकेट, दोन वर्षांनी डिप्लोमा. क्रेडिट्स बँकेत जमा राहतात, परत येता येतं, पदवी सात वर्षांच्या आत पूर्ण करायची. म्हणजे सुटलेल्या वर्षाला धोरणाने 'एक्झिट' आणि 'एंट्री' अशी नवी इंग्रजी नावं दिली. पण घरी कुणी 'मी एक्झिट घेतली' म्हणून बघा. उत्तर येईल, 'म्हणजे सोडलंस!'

आपल्या पातळीवर करता येण्यासारखं थोडंच आहे, पण आहे. कॉलेजच्या प्लेसमेंट सेलमध्ये विद्यार्थी प्रतिनिधी असतात. कंपनीला पाठवायच्या माहितीत गॅपपुढे कारण लिहायला दोन ओळींची जागा मागणं त्यांना जमू शकतं. लिंक्डइनने 2022 मध्येच प्रोफाइलवर 'करिअर ब्रेक' लिहायची आणि त्याचं कारण नोंदवायची सोय दिली. एवढ्या मोठ्या साइटला जमतं, तर आपल्या कॉलेजच्या एक्सेल शीटला एक कॉलम जड नाही. आणि अ‍ॅफिडेव्हिटमध्ये 'गैरकृत्य केलं नाही' असं एकोणीस वर्षांच्या पोरांकडून लिहून घेणं कुणीतरी थांबवा. वर्षभर अभ्यास करणारा किंवा आजारी असणारा आधी संशयित कसा काय ठरतो?

इंटर्नशिपच्या फॉर्मवरही हा प्रश्न होताच. मी 'यस'वर टिक केलं आणि शेजारच्या कोऱ्या जागेत बारीक अक्षरात लिहिलं, 'नीटसाठी ड्रॉप घेतला होता. सीट मिळाली नाही.' मुलाखतीत त्यावर कुणी काही विचारलं नाही. बातमी लिहिता येते का, एवढं विचारलं.

गेल्या महिन्यात मावसबहिणीचा नीटचा निकाल लागला. रात्री साडेअकराला तिचा फोन आला. 'ताई, मार्क कमी पडले. ड्रॉपचं बघतोय.'

'बघतोय म्हणजे? तू घेतेयस का?'

बराच वेळ पलीकडून फक्त पंख्याचा आवाज येत होता. मग म्हणाली, 'बाबा म्हणालेत घे. मला अजून कुणी विचारलं नाहीये.'

आम्ही पहाटे दोनपर्यंत बोलत होतो.