शिष्यवृत्ती हा हक्क आहे, तोंड बंद ठेवण्याची किंमत नव्हे

मुंबईतील टाटा सामाजिक विज्ञान संस्थेचे (टिस) संशोधक विद्यार्थी रामदास प्रिनी शिवानंदन यांना सर्वोच्च न्यायालयाने मे २०२५ मध्ये पीएचडीचे काम पुन्हा सुरू करण्याची परवानगी दिली. संस्थेने दिलेली दोन वर्षांच्या निलंबनाची शिक्षा न्यायालयाने तोवर भोगलेल्या काळापुरती कमी केली. समाजमाध्यमांवर ही बातमी 'विजय' म्हणून फिरली. आनंद आम्हालाही झाला. पण विजय म्हणण्याआधी हिशेब मांडायला हवा. एका दलित विद्यार्थ्याच्या संशोधनाचे एक वर्ष न्यायालयाच्या पायऱ्या चढण्यात गेले. शिक्षा कमी झाली, पण ठपका पुसला गेला नाही. आणि मूळ प्रश्न तसाच राहिला: शांततेने मोर्चात चालणे ही विद्यार्थ्याची बेशिस्त कशी ठरते?

नेमके काय घडले?

रामदास केरळमधील दलित कुटुंबातून आलेले. अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी असलेल्या राष्ट्रीय अधिछात्रवृत्तीवर ते संशोधन करत होते. १२ जानेवारी २०२४ रोजी दिल्लीत अनेक विद्यार्थी संघटनांनी राष्ट्रीय शैक्षणिक धोरण आणि केंद्र सरकार यांच्या विरोधात संसदेवर मोर्चा काढला. त्यात ते सामील झाले. त्याच महिन्यात आनंद पटवर्धन यांचा 'राम के नाम' हा माहितीपट पाहण्याचे आवाहन त्यांनी समाजमाध्यमावर केले. या माहितीपटाला राष्ट्रीय पुरस्कार मिळालेला आहे आणि न्यायालयाच्या आदेशानंतर तो सरकारी दूरदर्शनवरही दाखवला गेला आहे. मार्च २०२४ मध्ये त्यांना कारणे दाखवा नोटीस आली. १८ एप्रिलला दोन वर्षांचे निलंबन झाले. मुंबईसह तुळजापूर, हैदराबाद आणि गुवाहाटी या संस्थेच्या सर्व आवारांत त्यांना प्रवेशबंदी झाली.

मुंबई उच्च न्यायालयाने मार्च २०२५ मध्ये त्यांची याचिका फेटाळली. मोर्चा राजकीय हेतूने प्रेरित होता आणि फलकावर संस्थेचे नाव असल्याने ही मते संस्थेचीच आहेत असा लोकांचा समज होऊ शकतो, असे न्यायालयाचे म्हणणे होते. दीड महिन्याने सर्वोच्च न्यायालयातून दिलासा मिळाला.

इथे एक गोष्ट स्पष्ट करतो. रामदास डाव्या विद्यार्थी संघटनेचे कार्यकर्ते आहेत. डाव्या चळवळीशी आंबेडकरी चळवळीचे जातीच्या प्रश्नावर जुने मतभेद आहेत आणि ते आम्ही लपवत नाही. पण उद्या हीच नोटीस निळ्या झेंड्याखाली उभ्या असलेल्या मुलीच्या हातात पडेल. खरे तर ती पडून गेली आहे. मे २०१५ मध्ये मद्रास आयआयटीने एका निनावी तक्रारीच्या आधारे आंबेडकर-पेरियार स्टडी सर्कलची मान्यता काढली होती. देशभर निषेध झाला, तेव्हा जूनमध्ये ती परत दिली. त्यामुळे झेंडा कुणाचा, हा इथला प्रश्न नाही.

काठीची जागा कागदाने घेतली

दडपशाही म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर पोलिसांची काठी येते. विद्यापीठांत काठी आजही चालते. पण रोजची दडपशाही कागदावर चालते. कारणे दाखवा नोटीस, चौकशी समिती, प्रवेशाच्या वेळी लिहून घेतलेले हमीपत्र, वसतिगृह सोडण्याचा आदेश, दंडाची पावती. जवाहरलाल नेहरू विद्यापीठाने २०२३ मध्ये काढलेल्या नियमावलीत मनाई असलेल्या ठिकाणी धरणे धरल्यास २० हजार रुपयांपर्यंत दंड ठेवला. टिसमध्ये ऑगस्ट २०२४ मध्ये रामदास यांच्या संघटनेवरच बंदीची नोटीस निघाली आणि पुढे ती मागे घ्यावी लागली.

काठीचा व्रण दिसतो, त्याचा फोटो निघतो, बातमी होते. कागदाचा व्रण दिसत नाही. तो 'प्रशासकीय बाब' असतो. समाजशास्त्राच्या वर्गात आम्ही शिकलो होतो की नियम सर्वांना सारखे लागू झाले तरी त्यांचा भार सर्वांवर सारखा पडत नाही. वस्त्यांत काम करताना हे रोज दिसते. २० हजारांचा दंड एखाद्या घरात वडिलांच्या दोन शिव्यांवर मिटतो. दुसऱ्या घरात ती आईची दोन-तीन महिन्यांची धुण्याभांड्याची कमाई असते. निलंबन झाले की एक विद्यार्थी घरी जाऊन अभ्यास करतो, दुसऱ्या संस्थेत प्रवेश घेतो. दुसऱ्याची खोली जाते, मेस जाते, ग्रंथालय जाते. अधिछात्रवृत्तीचा हप्ता संस्थेच्या सहीवर अवलंबून असतो, त्यामुळे तोही अडकतो. घरात पहिल्यांदाच विद्यापीठापर्यंत पोचलेल्या मुलासाठी निलंबन म्हणजे हकालपट्टीच.

हैदराबाद केंद्रीय विद्यापीठात नेमके हेच घडले. आंबेडकर स्टुडंट्स असोसिएशनच्या पाच संशोधकांना आधी निलंबित केले गेले, मग वसतिगृहाबाहेर काढले गेले. त्यांनी आवारातच तंबू ठोकला आणि त्याला 'वेलिवाडा' म्हटले. तेलुगूत वेलिवाडा म्हणजे गावकुसाबाहेरची दलितांची वस्ती. रोहित वेमुलाची अधिछात्रवृत्ती जुलै २०१५ पासून थांबली होती. १७ जानेवारी २०१६ ला तो गेला, तेव्हा सात महिन्यांचे १ लाख ७५ हजार रुपये येणे बाकी होते. त्याच्यावर कुणी लाठी उगारली नव्हती. कागद पुरेसे ठरले.

'सरकारचे पैसे घेता आणि सरकारविरुद्ध बोलता?'

हा प्रश्न कट्ट्यावर, वाहिन्यांवर आणि कधी कधी आपल्याच नातेवाइकांच्या तोंडून ऐकू येतो. त्याचे उत्तर नीट द्यायला हवे, कारण कागदी दडपशाहीचे सारे बळ याच प्रश्नात आहे.

पहिली गोष्ट, शिष्यवृत्ती सरकारच्या खिशातून येत नाही. ती जनतेच्या पैशातून येते, आणि त्या जनतेत शिष्यवृत्ती घेणाऱ्याचे आईवडीलही आहेत. काडेपेटीपासून मोबाइलच्या रिचार्जपर्यंत तेही कर भरतात.

दुसरी गोष्ट, ही मदत कुणाची कृपा नाही. अनुसूचित जातींसाठीची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती १९४४ साली सुरू झाली, तेव्हा बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात होते. पुढे संविधानाच्या कलम ४६ ने अनुसूचित जाती-जमातींचे शैक्षणिक हित जपणे ही राज्यसंस्थेची जबाबदारी ठरवली. जबाबदारी पार पाडणारा समोरच्याकडून मिंधेपणाची अपेक्षा ठेवू शकत नाही. कलम १९ ने प्रत्येक नागरिकाला बोलण्याचा, शांततेने जमण्याचा आणि संघटना करण्याचा हक्क दिला. 'शिष्यवृत्तीधारक वगळून' असे तिथे कुठेही लिहिलेले नाही.

तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. सार्वजनिक विद्यापीठात शिकणाऱ्या प्रत्येकाच्या शिक्षणाचा मोठा खर्च जनता उचलते. पूर्ण शुल्क भरणारा विद्यार्थीही अनुदानित खुर्चीवरच बसलेला असतो. मग 'सरकारचे पैसे' हा टोमणा फक्त आपल्याच मुलांना का? मदत घेणारा आणि मिंधा, हे समीकरण जातीच्या जुन्या सवयीतून आले आहे. बलुत्याचे धान्य पदरात घ्यायचे आणि मान खाली घालून परत जायचे, हीच अपेक्षा आता विद्यापीठाच्या कार्यालयात येऊन बसली आहे.

बाबासाहेबांचे नाव घेऊन दिला जाणारा सल्ला

आणखी एक युक्तिवाद होतो, आणि तो बाबासाहेबांचे नाव घेऊन होतो. २५ नोव्हेंबर १९४९ च्या संविधान सभेतील भाषणात त्यांनी सत्याग्रह, असहकार, कायदेभंग हे मार्ग सोडून द्यायला सांगितले होते, मग तुम्ही मोर्चे कसे काढता, असे विचारले जाते.

ते भाषण पूर्ण वाचायला हवे. बाबासाहेबांचा मुद्दा असा होता की घटनात्मक मार्ग खुले असताना घटनाबाह्य मार्गांचे समर्थन होऊ शकत नाही. या वाक्यात एक अट आहे: मार्ग खुले असले पाहिजेत. परवानगी घेऊन काढलेला मोर्चा, सभा, पत्रक, माहितीपटाचे प्रदर्शन, प्रशासनाला निवेदन हे सगळे घटनात्मक मार्गच आहेत. त्यांनाच बेशिस्त ठरवणारे प्रशासन बाबासाहेबांच्या इशाऱ्याचे पालन करत नाही, त्यांनी उघडे ठेवायला सांगितलेले दार बंद करते. त्याच भाषणात त्यांनी राजकारणातील व्यक्तिपूजा हुकूमशाहीकडे नेते, असेही बजावले होते. हा भाग सल्ला देणाऱ्यांच्या तोंडी सहसा येत नाही.

'शिका, संघटित व्हा, संघर्ष करा' यातला 'शिका' हा शब्द सर्व सरकारांना आवडतो. जयंतीच्या जाहिरातीत तो मोठ्या अक्षरांत छापला जातो. अडचण पुढच्या दोन शब्दांची आहे.

महाराष्ट्राने काय गमावले?

महाराष्ट्राच्या विद्यार्थ्यांना चळवळ कुणी बाहेरून आणून दिलेली नाही. १९५० मध्ये बाबासाहेबांनी औरंगाबादला महाविद्यालय काढले, तेच पुढचे मिलिंद महाविद्यालय. नागसेनवनात शिकलेल्या पिढीने कविता लिहिली, अधिकारी दिले आणि आंदोलनेही उभी केली. २७ जुलै १९७८ रोजी विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांनी मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचे नाव देण्याचा ठराव केला आणि मराठवाड्यात दलित वस्त्या पेटल्या. १४ जानेवारी १९९४ ला नामविस्तार झाला. मधली साडेपंधरा वर्षे विद्यार्थी रस्त्यावर होते. त्यांना कुणी 'राजकारण करू नका, अभ्यास करा' असे सांगून थांबवले असते, तर आज त्या कमानीवर ते नाव नसते. दर १४ जानेवारीला त्या कमानीसमोर नतमस्तक होणाऱ्यांनी हे विसरू नये.

आणि आज? महाराष्ट्रात विद्यार्थी परिषदांच्या खुल्या निवडणुका नव्वदच्या दशकापासून बंद आहेत. २०१६ च्या सार्वजनिक विद्यापीठ कायद्यात त्यांची तरतूद झाली, २०१९ मध्ये घोषणाही झाली, मग त्या पुढे ढकलल्या गेल्या. निवडून आलेला प्रतिनिधी नसेल तर वसतिगृहातील पाण्यापासून थकलेल्या अधिछात्रवृत्तीपर्यंत प्रत्येक प्रश्नासाठी विद्यार्थ्याला एकट्याने कार्यालयाच्या खिडकीशी उभे राहावे लागते, आणि एकट्याला नोटीस देणे सोपे असते. बार्टीच्या अधिछात्रवृत्तीसाठी संशोधकांना २०२३ मध्ये आझाद मैदानात ठाण मांडावे लागले, ते हौसेने नव्हे. टिसच्याच चारही आवारांत फेब्रुवारी २०१८ मध्ये विद्यार्थी संपावर गेले होते. मुद्दा होता मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती घेणाऱ्यांची वसतिगृह आणि मेसच्या शुल्कातली सवलत काढून घेतल्याचा. ज्यांना 'राजकारण' म्हणून हिणवले जाते, ती अनेक आंदोलने मुळात जेवणाच्या ताटाची असतात.

समाजाने काय करायचे?

'पोरा, शिकून घे, मोर्चात जाऊ नकोस,' असे सांगणाऱ्या आईला आम्ही दोष देत नाही. तिची भीती खरी आहे. एका मुलाच्या शिक्षणावर तिने सगळे घर लावलेले असते. ही भीती भाषणांनी जाणार नाही. तिच्या मुलामागे समाज उभा दिसला तरच ती कमी होईल. त्यासाठी काही कामे आपल्या आवाक्यातली आहेत.

नोटीस आली की विद्यार्थी घाबरून घाईत माफीनामा लिहून देतो किंवा उत्तरच देत नाही. दोन्हींमुळे पुढे न्यायालयात बाजू कमकुवत होते. प्रत्येक विद्यापीठाच्या शहरात आपल्या वकिलांचा असा गट हवा, जो मुदतीच्या आत लेखी उत्तर तयार करून देईल. नोटीस, ईमेल, पोच, शुल्काची पावती, सगळ्याच्या प्रती जपायला विद्यार्थ्यांना शिकवले पाहिजे.

वसतिगृहातून काढलेल्या मुलाला रात्री झोपायला जागा लागते. आपल्याकडे शहराशहरांत विहारे आहेत, समाजमंदिरे आहेत. जयंतीच्या वर्गणीतला छोटा वाटा निलंबित विद्यार्थ्यांच्या मेसच्या खर्चासाठी बाजूला ठेवता येईल. निवृत्त अधिकारी आणि प्राध्यापकांनी दरमहा थोडी रक्कम दिली, तरी अधिछात्रवृत्ती अडकलेल्या संशोधकाचे काही महिने निभावतील.

मागण्याही स्पष्ट हव्यात. शिस्तभंगाच्या चौकशीत विद्यार्थ्यांचा प्रतिनिधी आणि अनुसूचित जाती-जमातीचा सदस्य असावा. अपिलाचा निकाल लागेपर्यंत वसतिगृह आणि अधिछात्रवृत्ती थांबवू नये. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१२ च्या नियमांनी समान संधी कक्ष आणि भेदभावविरोधी अधिकारी नेमायला सांगितले होते. ते आपल्या महाविद्यालयात कोण आहेत, हे माहितीच्या अधिकारात विचारायला एक अर्ज पुरतो. रोहितची आई राधिका वेमुला आणि डॉ. पायल तडवी यांची आई आबेदा तडवी या दोघींनी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयात धाव घेतली, ती असे नियम कागदावरच राहतात म्हणूनच. मुली-मुलांना गमावलेल्या आया हा लढा देत असतील, तर आपण एक अर्ज नक्कीच लिहू शकतो.

रामदास पुन्हा अभ्यासाला लागले, याचे आम्ही स्वागत करतो. पण प्रत्येक निलंबित विद्यार्थ्याला दिल्लीपर्यंत जाणे परवडत नाही. बहुतेकांची नावे बातमीतही येत नाहीत. ते गावी परततात आणि लोक म्हणतात, पोराला शिक्षण झेपले नाही. तुमच्या ओळखीत असा कुणी परत आलेला असेल, तर आधी त्याला विचारा की हातात कोणता कागद दिला होता.

जयभीम.