टीव्ही बिघडला नाही, फक्त 'सोर्स' बदललाय!

मालिका सुरू व्हायला पाच मिनिटं आहेत आणि पडद्यावर दोनच शब्द फिरतायत, 'नो सिग्नल'. मग आजी सेट-टॉप बॉक्सच्या रिमोटची सगळी बटणं दाबून बघतात. बाबा प्लग काढून परत लावतात. शेवटी 'मुलगा ऑफिसमधून आला की बघेल' म्हणून टीव्ही बंद होतो. तुमच्याही घरी असं होतं ना? बहुतेक वेळा टीव्ही अगदी ठणठणीत असतो. तो फक्त चुकीच्या दारात उभा असतो.

लखनऊ दूरदर्शन १९७५ मध्ये सुरू झालं तेव्हा टीव्हीत चित्र यायला एकच वाट होती, छतावरचा अँटेना. पुढे केबल आली. सेट-टॉप बॉक्स सक्तीचा झाला तेव्हा दुसऱ्या टप्प्यात लखनऊ, पुणे, नागपूर या शहरांना ३१ मार्च २०१३ ची मुदत होती. आता त्याच टीव्हीला बॉक्स, स्टिक, साउंडबार, मुलांचा गेम असं सगळं जोडलेलं असतं. प्रत्येकाची जागा वेगळी, आणि टीव्ही एका वेळी एकाच जागेचं चित्र दाखवतो. ती जागा म्हणजे इनपुट किंवा सोर्स.

आता एकदा टीव्हीच्या मागे डोकवा. चपट्या खाचांजवळ एचडीएमआय १, एचडीएमआय २ असं छापलेलं दिसेल. बॉक्सची वायर कुठल्या आकड्यात गेली आहे ते बघा. मग टीव्हीचा रिमोट घ्या. बॉक्सचा नाही, टीव्हीचाच! सगळा घोळ इथेच होतो. त्यावर 'सोर्स' किंवा 'इनपुट' लिहिलेलं, नाहीतर चौकोनात शिरणारा बाण काढलेलं बटण असतं. ते दाबा, यादीतून तोच आकडा निवडा, ओके करा आणि चार-पाच सेकंद थांबा. चित्र यायला तेवढा वेळ लागतो. घाईत पुन्हा बटण दाबलंत तर टीव्ही पुढच्या दारात जातो.

फ्री डिशवर सह्याद्री बघणाऱ्यांकडे जुना बॉक्स असेल तर तीन रंगांच्या पिना असतात. पिवळी चित्राची, लाल आणि पांढरी आवाजाची. त्यासाठी यादीत 'एव्ही' निवडायचं. नव्या टीव्हीत तीन खाचांऐवजी कधी एकच छोटं गोल भोक असतं, त्याला जोडवायर लागते. ती टीव्हीच्या खोक्यातच मिळाली असेल, आधी माळ्यावर शोधा. नाहीच सापडली तर टीव्हीचा मॉडेल नंबर सांगून घ्या, कारण सगळ्यांना एकच वायर चालत नाही.

आणि कुणी हात न लावता सोर्स बदलतो तेव्हा? भूतबित काही नाही. एचडीएमआयमध्ये सीईसी नावाची सोय असते. सॅमसंग तिला ॲनिनेट प्लस म्हणतं, एलजी सिम्पलिंक, सोनी ब्राव्हिया सिंक. नातवाने स्टिकच्या रिमोटचं होम बटण दाबलं की टीव्ही आपोआप स्टिककडे वळतो, आणि आजोबांच्या बातम्या गायब. रोज त्रास होत असेल तर सेटिंगमध्ये जाऊन ही सोय बंद करता येते. मात्र एआरसी लिहिलेल्या खाचेत साउंडबार असेल तर आधी विचार करा, काही टीव्हींत सीईसी बंद केलं की साउंडबारचा आवाजही जातो.

पडद्यावर बॉक्सच्या कंपनीचा निरोप किंवा एरर नंबर दिसतोय? मग सोर्स बरोबर आहे. गडबड डिश, वायर किंवा रिचार्जमध्ये आहे. जोराचा पाऊस असेल तर थोडं थांबा. लखनऊत माकडांनी छतावरची डिश हलवली नाही ना, हेही बघून घ्या!

आता एक महत्त्वाचं. वैतागून इंटरनेटवर 'कस्टमर केअर नंबर' शोधू नका. तिथे खोटे नंबर पेरलेले असतात. बॉक्सवर, बिलावर किंवा कंपनीच्या ॲपमध्ये असलेल्या नंबरवरच फोन करा. समोरचा माणूस ओटीपी मागू लागला किंवा मोबाईलवर एखादं ॲप टाकायला सांगू लागला, तर सरळ फोन ठेवा. पैसे गेलेच तर लगेच १९३० वर कळवा. दोन मिनिटांच्या सोर्सपायी पेन्शनचं खातं रिकामं व्हायला नको.

बऱ्याच टीव्हींत इनपुटचं नावही बदलता येतं, एचडीएमआय १ च्या जागी 'केबल', २ च्या जागी 'सिनेमा'. ते जमत नसेल तर टीव्हीच्या रिमोटवरच्या सोर्स बटणाशेजारी लाल टिकली चिकटवा. मागच्या बाजूचा एक फोटो काढून घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाका आणि खाली मराठीत लिहा, 'लाल टिकली, मग एचडीएमआय १, मग ओके'. आज रात्री जेवणानंतर आजींच्या हातात रिमोट द्या आणि त्यांनाच दोनदा करून बघू दे. तुम्ही मध्ये बोलू नका!