मेसा व्हर्डेला जाण्यापूर्वी

उन्हाळ्यात मुलांकडे अमेरिकेस जाणाऱ्या मराठी मंडळींच्या बेतांत ग्रँड कॅन्यन हटकून असतो. परंतु कोलोराडो राज्याच्या नैर्ऋत्य कोपऱ्यातील मेसा व्हर्डे राष्ट्रीय उद्यानाचे नाव क्वचितच निघते, आणि निघाले तरी ‘तिकिटे आधी काढावी लागतात, मनसोक्त हिंडू देत नाहीत’ या तक्रारीपाशी बेत अडतो. ज्या नियमांविषयी ही तक्रार, त्यांनीच ते स्थळ आजवर राखले आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

सात ते साडेआठ हजार फूट उंचीच्या या पठाराच्या कड्यांतील नैसर्गिक कपारींत, प्यूब्लो लोकांच्या पूर्वजांनी मुख्यतः तेराव्या शतकात, वालुकाश्माचे चिरे घडवून घरे उभारली. क्लिफ पॅलेस या एकाच वस्तीत दीडशेच्या आसपास खोल्या आणि वीसहून अधिक ‘किवा’, म्हणजे धर्मकृत्यांची व एकत्र बसण्याची वर्तुळाकार दालने, आहेत. शतक सरता सरता, दीर्घ अवर्षण व इतर कारणांनी, ही माणसे दक्षिणेकडे गेली. ती गूढरीत्या लुप्त झाली असे सांगणे हा अन्याय आहे, कारण होपी, झुनी, अकोमा इत्यादी समाज त्यांचेच वंशज असून या कपारींना ते आजही पूर्वजांचे स्थान मानतात.

1888 च्या डिसेंबरात रिचर्ड वेदरिल आणि चार्ल्स मेसन या गुराख्यांच्या दृष्टीस क्लिफ पॅलेस पडला, आणि मग मडकी, हत्यारे, इतकेच नव्हे तर मृतांचे अवशेषही उकरले जाऊ लागले. 1891 मध्ये गुस्ताफ नॉर्डेनशेल्ड या स्वीडिश तरुणाने येथील वस्तू परदेशी पाठविण्याची तजवीज केली, तेव्हा त्याला अटक झाली. पण मनाई करणारा कायदाच नसल्याने त्याला सोडावे लागले, आणि फिनलंडमध्ये पोहोचलेल्या त्या संग्रहातील मानवी अवशेष वंशजांच्या हाती परत यावयास 2020 साल उजाडले. व्हर्जिनिया मॅक्लर्ग व ल्यूसी पीबडी यांच्यासारख्या स्त्रियांनी वर्षानुवर्षे चळवळ केली, तेव्हा कोठे 1906 च्या जूनमध्ये प्राचीन वस्तूंच्या रक्षणाचा कायदा आणि हे उद्यान अस्तित्वात आले.

म्हणून बेत आखताना नियमांपासूनच आरंभ करावा. मार्गदर्शकासमवेत घरांत जाण्याची तिकिटे सरकारी संकेतस्थळावर आगाऊ घ्यावीत. प्रवेशद्वारापासून मुख्य वस्त्यांपर्यंतच्या वळणावळणाच्या रस्त्यासाठी तासाभराचा अवधी राखावा. बाल्कनी हाउसमध्ये बत्तीस फुटी शिडी चढून अरुंद भुयारातून रांगावे लागते, तेव्हा गुडघ्यांचा वा हृदयाचा विकार असलेल्या वडीलधाऱ्यांनी समोरच्या सज्जांवरूनच दर्शन घ्यावे. त्यात उणेपणा नाही. दरडी कोसळण्याच्या भयाने 2015 पासून बंद असलेले स्प्रूस ट्री हाउस दुरून पाहावे लागते, तेही आनंदाने मान्य करावे.

हा धडा आपल्याकडेही हवा. 1819 मध्ये अजिंठ्याच्या दहाव्या लेण्यात जॉन स्मिथ या इंग्रज अधिकाऱ्याने खांबावर नाव कोरले. दोन शतकांनंतरही आपल्या गडांच्या तटांवर तोच उद्योग चालू आहे. मेसा व्हर्डे पाहून परतणाऱ्या प्रत्येकाने आपल्या लेण्यांसाठी व गडांसाठीही तितकाच कडक बंदोबस्त सरकारकडे मागावा, आणि त्याची पहिली बंधने स्वतः पाळावीत.